गळ्याची गाठ आणि मिठाची चिमूट

गेल्या महिन्यात ‘शाळेचा तास’ या आपल्या कार्यक्रमासाठी नववीच्या मुली आपल्या रेडिओच्या खोलीत आल्या होत्या. विज्ञानातले दोन धडे त्यांनी सोप्या भाषेत सांगायचे, असं ठरलं होतं. एक धडा परिसंस्थेचा. ऊन, गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार आणि शेवटी सगळ्यांची माती करणारे जिवाणू. दुसरा धडा शरीरातल्या नियंत्रणाचा आणि समन्वयाचा. मेंदू, चेतातंतू, ग्रंथी, संप्रेरकं. मुलींनी सगळं धडाधडा म्हटलं. कुठे अडखळल्या नाहीत. रेकॉर्डिंग संपलं, आणि मग त्यांच्यातली एक जण म्हणाली, “ताई, हे दोन धडे एकाच पुस्तकात का घातलेत? एकात डोंगर-पाणी आहे, दुसऱ्यात आपलं अंग आहे. दोघांचा संबंध काय?”

आम्ही चौघी होतो. चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. उत्तर कुणालाच देता येईना. “पुढच्या वेळी सांगतो,” असं म्हणून वेळ मारून नेली.

त्या संध्याकाळी चहा पिताना आमच्यातल्या एकीला तिची आजी आठवली. आजीच्या गळ्याला गाठ होती, बेलफळाएवढी. गावात तिला नावानं कुणी हाक मारत नसे. ‘गळावाली’ म्हणूनच ती ओळखली जायची. पदर गळ्याभोवती घट्ट लपेटल्याशिवाय ती आडावर पाण्याला गेली नाही. तिचं एक मूल मुकं-बहिरं होतं. ते लहानपणीच गेलं. सासरची माणसं म्हणत, हिच्या गळ्यात पाप अडकलंय. त्या मुलाचं दुखणं आणि आजीची गाठ यांचं कारण एकच होतं का, हे आज कोण सांगणार? पण त्या गाठीचा शोध घेत आम्ही पुस्तकं चाळायला लागलो आणि मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला तिथेच सापडलं. आपल्या गळ्यात पुढच्या बाजूला, कंठाच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची एक लहान ग्रंथी असते. तिला अवटू ग्रंथी म्हणतात. दवाखान्यात तिलाच थायरॉईड म्हणतात. पुस्तकातले ते दोन धडे या ग्रंथीपाशी एकमेकांना येऊन मिळतात. हे माणसाला कळायला शंभराहून जास्त वर्षं लागली, आणि कळल्यावर बायकांच्या ताटापर्यंत पोचायला आणखी बरीच. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

आधी डोंगर-पाण्याचं. समुद्राच्या पाण्यात आयोडीन नावाचं एक द्रव्य अगदी थोडं असतं. समुद्री शेवाळ ते आपल्या अंगात साठवतं. पाण्यातून त्याचा काही अंश हवेत जातो, ढगांबरोबर जमिनीकडे येतो, पावसाबरोबर मातीत उतरतो. मातीतून पिकात, चाऱ्यात, तिथून गाईच्या दुधात आणि आपल्या भाकरीत. मग ओढ्या-नद्यांबरोबर पुन्हा समुद्राला. पाण्याचं चक्र शाळेत शिकलो ना, तसंच हे एक चक्र. फक्त फार सावकाश फिरणारं. डोंगर-उतारावर पाऊस जेवढं आयोडीन आणून टाकतो, त्याहून जास्त धुऊन नेतो. ज्या नद्यांना वरचेवर पूर येतो, त्यांच्या काठीही तेच. आल्प्ससारख्या पर्वतांत हिमयुगातल्या बर्फाच्या नद्यांनी जुनी मातीच खरवडून नेली आणि नव्या मातीत आयोडीनची भर पडलीच नाही.

यातली फसवी गोष्ट अशी, की जमिनीवरच्या झाडांना आयोडीन लागत नाही. त्यामुळे आयोडीन नसलेल्या रानातही ज्वारी-बाजरी तरारून येते, कणीस टपोरं भरतं, बघणाऱ्याला काही कमी दिसत नाही. कमी पडतं ते खाणाऱ्याला. अशा भागात शेळ्या-मेंढ्यांचे गळे सुजतात, त्यांची पिल्लं कधी कधी अंगावर लव नसलेली जन्मतात. आणि जे घर वर्षभर आपल्याच शेतातलं खातं, बाहेरून फारसं काही विकत घेऊ शकत नाही, त्या घरातल्या माणसांना हा तुटवडा सगळ्यांत आधी भोवतो.

आता अंगाचं. अवटू ग्रंथी आयोडीन वापरून थायरॉक्झिन नावाचं संप्रेरक बनवते. संप्रेरक म्हणजे रक्तातून फिरणारा निरोप. चेतातंतूंचा निरोप टेलिफोनसारखा, एका क्षणात पोचणारा. तव्याचा चटका बसला की हात मागे येतो, तो त्याच्यामुळे. संप्रेरकाचा निरोप दवंडीसारखा, गावभर हळूहळू फिरणारा आणि बराच काळ टिकणारा. थायरॉक्झिन सगळ्या शरीराला सांगतं की चूल किती पेटती ठेवायची, काळीज किती वेगानं चालवायचं, हाडांनी किती वाढायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पोटातल्या बाळाच्या मेंदूची वीण कशी घालायची.

हे संप्रेरक किती बनवायचं, याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी देते. रक्तात थायरॉक्झिन कमी झालं की तिचा तगादा वाढतो, पुरेसं झालं की ती गप्प बसते. आमच्यातल्या एकीनं याला छान उपमा दिली. वरून थोरल्या जाऊबाईंचा आवाज येतोय, “भाकरी वाढवा, पंगत बसलीय!” खाली धाकटीजवळ पीठच नाही. ती बिचारी काय करणार? आणखी एक चूल मांडते, आणखी एक परात काढते, हाताखाली आणखी दोघींना बोलावते. स्वयंपाकघर वाढत जातं, भाकरी होतच नाही. अवटू ग्रंथीचं अगदी असंच होतं. हुकूम येतच राहतो, आयोडीन मिळत नाही, मग ती ग्रंथी स्वतःच फुगत जाते. त्यालाच आपण गलगंड म्हणतो. म्हणजे ती गाठ पाप नव्हे, शापही नव्हे. कच्चा माल नसताना हुकूम पाळायची शिकस्त करणारी ती ग्रंथी आहे.

गलगंडाचं वर्णन आपल्या सुश्रुत संहितेतही आहे. चीनमध्ये जुने वैद्य त्यावर समुद्री शेवाळ देत. युरोपात समुद्रातला स्पंज जाळून त्याची राख देत. गुण येई, का येतो ते कुणाला माहीत नव्हतं. ही ग्रंथी असते कशाला, हेही माहीत नव्हतं. १६५६ मध्ये थॉमस व्हार्टन नावाच्या इंग्रज डॉक्टरानं तिला ‘थायरॉईड’ हे नाव दिलं. तिच्या कामांविषयी त्यानं जे अंदाज लिहिले, त्यातला एक असा, की ती गळ्याला गोलाई देते, विशेषतः बायकांच्या गळ्याला शोभा आणते! वाचून आम्हाला आधी हसू आलं, मग राग. तिकडे ऑस्ट्रिया-बव्हेरियाच्या डोंगराळ भागात बायका गळ्याला घट्ट बसणारा, आपल्या ठुशीसारखा, एक रुंद पट्टा घालत. त्याचं नावच मुळी ‘गलगंडाचा पट्टा’. गाठ किंवा तिच्या शस्त्रक्रियेचा व्रण झाकायला तो वापरत. आमच्या आजीचा पदर आणि त्यांचा पट्टा, काम दोघांचं एकच.

आयोडीन सापडलं ते मात्र लढाईच्या धामधुमीत. नेपोलियनच्या तोफांना दारू हवी होती, दारूला सोरा. पॅरिसजवळ बर्नार कुर्त्वा हा माणूस समुद्री शेवाळाची राख वापरून सोरा बनवायचा. १८११ मध्ये एकदा त्यानं त्या राखेच्या काढ्यात गंधकाचं आम्ल जरा जास्त ओतलं, आणि जांभळ्या रंगाची वाफ उठली. गार जागी तिचे काळसर चकचकीत स्फटिक झाले. जांभळ्या रंगासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याला आयोडीन हे नाव मिळालं.

पुढे जिनिव्हातल्या झाँ-फ्रांस्वा क्वांदे या डॉक्टरानं विचार केला, की स्पंजच्या राखेनं गलगंड उतरतो आणि स्पंजही समुद्रातलाच, तर गुण या आयोडीनचाच असेल. १८२० मध्ये त्यानं रोग्यांना आयोडीनचे थेंब द्यायला सुरुवात केली. गाठी खरोखर उतरल्या. पण डोस भारी होता. लोक स्वतःच बाटल्या घेऊन थेंब वाढवायला लागले, काहींचं काळीज धडधडायला लागलं, अंग वाळायला लागलं, आणि औषध बदनाम झालं. दहाएक वर्षांनी बुसँगो नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियात पाहिलं, की काही खाणींचं मीठ खाणाऱ्या गावांत गलगंड नाही. त्या मिठात मुळातच आयोडीन होतं. तेच मीठ सगळ्यांना द्या, असं त्यानं सुचवलं. १८५० च्या सुमारास शातँ या दुसऱ्या फ्रेंच माणसानं ठिकठिकाणचं पाणी, माती आणि हवा तपासून सांगितलं, की गलगंडाच्या भागात आयोडीन कमी आहे. पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं ते मानलं नाही.

म्हणजे बघा, दीडशे वर्षांपूर्वी उत्तर जवळजवळ हातात होतं. सुटलं का? आम्हाला वाटतं, एक तर इतक्या बारीक कणानं इतका मोठा फरक पडतो, हे विद्वानांच्या पचनी पडलं नाही. प्रौढ माणसाला दिवसाला दीडशे मायक्रोग्रॅम पुरतं. सत्तर वर्षांच्या आयुष्याचा हिशेब केला तर चार ग्रॅमही होत नाहीत, चहाचा चमचाही भरत नाही. आणि दुसरं, ती ग्रंथी शरीरात काय करते हेच कळलं नव्हतं. तो धडा अजून लिहिलाच गेला नव्हता.

तो लिहिला गेला एका मुलीच्या जिवावर. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात थिओडोर कोखर नावाचे नामांकित शल्यविशारद होते. गलगंड कापण्यात त्यांचा हातखंडा. त्या काळी या शस्त्रक्रियेत रक्तस्रावानं माणसं जायची, कोखर यांचे रोगी जगायचे. १८७४ मध्ये त्यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीची ग्रंथी पूर्ण काढली. शस्त्रक्रिया यशस्वी. काही वर्षांनी त्या मुलीच्या गावच्या डॉक्टरानं कळवलं, की मुलगी पार बदलली आहे. तिची धाकटी बहीण आधी तिच्यासारखीच दिसायची. ती आता उंच, चपळ तरुणी झाली होती. ही मात्र बुटकीच राहिली, चेहरा सुजट, बोलणं-चालणं मंद. कोखर हादरले. त्यांनी आपले जुने रोगी शोधून परत बोलावले. ज्यांची संपूर्ण ग्रंथी काढली होती, त्यांतल्या बहुतेकांची हीच गत होती. १८८३ मध्ये त्यांनी हे सगळ्या डॉक्टरांसमोर उघडपणे सांगितलं आणि पुन्हा कधी अशी पूर्ण ग्रंथी काढणार नाही असं जाहीर केलं. त्यांना १९०९ मध्ये नोबेल मिळालं. आपली चूक चारचौघांत अशी कबूल करणारे डॉक्टर आजही विरळाच, म्हणून त्यांचं नाव आम्ही आदरानंच घेतो. पण त्या मुलीचं आयुष्य तिला परत मिळालं नाही, हेही विसरवत नाही.

त्यानंतर गोष्ट पटापट पुढे गेली. १८९१ मध्ये इंग्लंडातल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरानं मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क काढला आणि ४६ वर्षांच्या एका बाईला टोचला. ती सुजून, मंदावून, थंडीनं काकडत अंथरुणाला खिळायच्या बेतात होती. काही महिन्यांत ती हिंडायला-फिरायला लागली. पुढे ती अठ्ठावीस वर्षं जगली, तोवर तिच्यासाठी ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या होत्या. आज सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी घेणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणी त्या बाईच्या वारसदार आहेत. १८९५ च्या अखेरीस जर्मनीत बाउमान यांना त्या ग्रंथीतच आयोडीन सापडलं. म्हणजे बाहेरच्या रानातलं द्रव्य थेट गळ्यातल्या ग्रंथीत! १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा निरोप्या द्रव्यांना ‘हॉर्मोन’ हा शब्द वापरला, आणि १९१४ च्या नाताळात अमेरिकेत केंडॉल यांनी थायरॉक्झिन शुद्ध रूपात वेगळं केलं.

मग प्रश्न उरला तो देण्याचा. अमेरिकेच्या ओहायो राज्यात ऍक्रन हे गाव आहे. तिथे डेव्हिड मरीन आणि किंबॉल यांनी १९१७ पासून शाळेतल्या मुलींवर पाहणी केली. मुलीच का? कारण वयात येताना, आणि नंतर गरोदरपणी, शरीराला आयोडीन जास्त लागतं. त्यामुळे गलगंड मुलग्यांपेक्षा मुलींत जास्त. ज्यांच्या घरच्यांनी होकार दिला, त्या मुलींना वर्षातून दोनदा थोडे दिवस आयोडीन दिलं. ते घेणाऱ्या २,१९० मुलींपैकी पाच जणींचा गळा सुजला. न घेणाऱ्या २,३०५ मुलींपैकी ४९५ जणींचा. एवढा फरक पाहिल्यावर वादाला जागाच राहिली नाही.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधल्या दुर्गम खोऱ्यात बायार या गावडॉक्टरानं स्वतःच्या हातानं मिठात आयोडीन कालवून घरोघर दिलं. १९२२ मध्ये आपेन्झेल भागात एगेनबर्गर या डॉक्टरानं लोकांच्या सह्या गोळा करून आयोडीनचं मीठ दुकानात आणायला सरकारला भाग पाडलं. १९२४ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये ते मिळायला लागलं. स्वित्झर्लंडच्या खोऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या मुकी-बहिरी, वाढ खुंटलेली मुलं जन्माला यायची. ती काही वर्षांतच जवळजवळ यायची थांबली.

आपल्याकडे काय चाललं होतं? हिमालयाच्या पायथ्याशी काश्मीरपासून ईशान्येपर्यंत गलगंडाचा जणू पट्टाच होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट मॅककॅरिसन हे डॉक्टर गिलगिटमध्ये होते. एकाच ओढ्याच्या काठची गावं. वरच्या गावात गलगंड कमी, खाली जावं तसा वाढत जाणारा, कारण वरच्या गावांची घाण खालच्यांच्या पाण्यात येई. त्यांनी त्या पाण्यातला गाळ गाळून स्वतः पिऊन पाहिला! त्यांचा कल हा रोग घाणीतल्या जंतूंचा मानण्याकडे झाला. घाण पाण्याचा त्रास होतो हे खरंच, पण मूळ कारण तिथं नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून काम सुरू केलं. सुमारे एक लाख वस्तीचा भाग. त्याचे तीन विभाग केले. दोन विभागांत आयोडीन घातलेलं मीठ, मधल्यात साधं. सुरुवातीला तिन्हीकडे शंभरात जवळजवळ चाळीस जणांना गलगंड. सहा वर्षांनी पाहिलं तर मीठवाल्या दोन विभागांत तो निम्म्यावर किंवा त्याहून खाली आलेला, साध्या मिठाच्या भागात होता तिथेच. मग त्या भागालाही आयोडीनचं मीठ मिळालं आणि तिथेही तो उतरला. या कामाचा जगभर दाखला दिला जातो, आणि योग्यच आहे. तरीही आमच्या मनात एक खुपतं. मधल्या विभागातल्या ज्या बाया त्या सहा वर्षांत बाळंत झाल्या, त्यांचं काय? तेव्हा सबंध देशातच साधं मीठ होतं, त्यांचं मुद्दाम काही काढून घेतलं नव्हतं, हे आम्हाला समजतं. पण १९५६ च्या आधी तीस वर्षं दुसऱ्या देशांत हे मीठ बाजारात मिळत होतं, हेही समजतं.

१९६२ मध्ये सरकारनं राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, तोही मुख्यतः हिमालयाच्या पट्ट्यापुरता. नावातच चूक होती. सगळ्यांचं लक्ष गळ्याकडे होतं, कारण गळा दिसतो. पोटातल्या बाळाचा मेंदू दिसत नाही. बाळाची स्वतःची ग्रंथी पुरती कामाला लागेपर्यंत, म्हणजे पहिले तीन-चार महिने, ते सर्वस्वी आईच्या थायरॉक्झिनवर असतं. आईकडेच कमी असेल तर त्या काळातली मेंदूची वाढ नंतर कशानंही भरून निघत नाही. १९८० नंतर डॉ. कोचुपिल्लै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर प्रदेशातल्या गोंडा-देवरिया भागात नवजात बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं. कितीतरी बाळांत थायरॉक्झिन कमी निघालं. वरून ती बाळं धडधाकट दिसत होती. मोठी झाल्यावर शाळेत त्यांना ‘ढ’ म्हटलं गेलं असतं, एवढंच. अशा कामानंतर सरकारनं १९८४ मध्ये ठरवलं, की खाण्याचं सगळंच मीठ आयोडीनचं करायचं. १९९२ मध्ये कार्यक्रमाचं नावही बदललं, गलगंडाऐवजी ‘आयोडीन न्यूनता विकार’ हे शब्द आले.

आणि हो, हा फक्त हिमालयाचा प्रश्न नाही. आपल्या महाराष्ट्रात तेव्हाचा औरंगाबाद जिल्हा आणि पुणे जिल्हा यांचीही नावं डॉक्टरांच्या पुस्तकांत गलगंडाचे भाग म्हणून येतात. आमच्या मैत्रिणीची आजी तिकडचीच.

यात भांडणंही झाली. मीठ म्हणजे आपल्याला दांडी आठवणार, शिरोडा आठवणार, वडाळ्याला मिठागरात घुसलेल्या बाया आठवणार. साधं मीठ विकायला बंदी म्हणजे गरिबाच्या चिमटीवर कंपनीचा हक्क, असं अनेकांना वाटलं. छोट्या आगरवाल्यांचा धंदा बुडेल ही भीतीही खोटी नव्हती. बंदी आली, २००० मध्ये केंद्रानं उठवली, आणि मे २००६ पासून थेट खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला पुन्हा मनाई झाली. आम्हाला विचाराल तर छोट्या आगरवाल्याला आयोडीन फवारायचं यंत्र आणि पोटॅशियम आयोडेट स्वस्तात देणं, हा त्यावरचा खरा मार्ग. पण या वादात गरोदर बाईचं म्हणणं कुणी विचारल्याचं आमच्या वाचनात आलं नाही.

आता आपल्या स्वयंपाकघरात येऊ. आम्ही चौघींनी आपापली मिठाची बरणी पाहिली. दोघींकडे पुडीचं मीठ. एकीकडे बाजारातून सुटं आणलेलं खडे मीठ, “लोणच्याला हेच बरं” म्हणून आणलेलं आणि रोजच्या भाजीलाही तेच. चौथीकडे उपवासाचं सैंधव, हल्ली ते औषधी म्हणून रोज खातात. “समुद्राचं मीठ आहे, आयोडीन असणारच की,” असं आम्हीही आजवर म्हणत होतो. तसं नसतं. मीठ उन्हात वाळताना समुद्रातलं ते एवढंसं आयोडीन खड्यात नावापुरतंच उरतं. मासळीत आणि शेवाळात ते भरपूर, नुसत्या खड्यात नाही. सैंधवात आणि काळ्या मिठात तर नगण्यच. तेव्हा घरात पाहुणी म्हणून आलेली गरोदर लेक किंवा नव्यानं दिवस गेलेली सून असेल, तर आधी बरणी बघा. मीठ वाढवायचं नाही बरं का, रक्तदाबवाल्यांनी तर नाहीच. मीठ बदलायचं. पुडीवर हसऱ्या सूर्याचं चित्र आणि ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द बघायचा. बरणीला झाकण लावायचं, चुलीजवळ किंवा उन्हात ठेवायची नाही, ओल लागू द्यायची नाही. आणि गळ्याला गाठ दिसली तर ती आयोडीनचीच असेल असं धरून घरी बसायचं नाही. कारणं वेगळीही असतात, रक्ताची तपासणी करून घ्यायची.

नववीतल्या त्या मुलीला आम्ही हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, “म्हणजे ताई, रानात जे नाही ते आपल्या अंगातही नाही.” तिला परीक्षेत दोन धड्यांचे वेगवेगळेच प्रश्न येतील, पण असू दे.

येत्या गुरुवारी दुपारी तीन वाजता आशाताई आपल्या रेडिओच्या ओट्यावर बसणार आहेत. त्यांच्याजवळ एक छोटी बाटली आहे. तिच्यातला थेंब मिठावर टाकला, की आयोडीन असेल तर मीठ निळं-जांभळं होतं, नसेल तर पांढरं ते पांढरंच राहतं. येताना घरचं चमचाभर मीठ कागदाच्या पुडीत आणा. पुडीवर आपलं नाव लिहायला विसरू नका.